७२००चं स्टिकर, आत सीसीटीव्हीची जुनी डिस्क

हार्ड डिस्क घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. आमचं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंगचं काम. जुन्या पीसीसाठी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून १ टीबीची डिस्क घेतली. "७२०० आरपीएम, एकदम नवीन माल," दुकानदार म्हणाला. स्टिकरवरही तेच छापलेलं. आरपीएम म्हणजे डिस्कमधली तबकडी मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा.

पीसी रडत-खडत चालायला लागला, म्हणून डिस्कची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं. रोटेशन रेट ५४००. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, १९ हजारांच्या वर, म्हणजे बाई दोन वर्षांहून जास्त अखंड फिरून आलेली! मॉडेल नंबरही स्टिकरवरच्याशी जुळेना. शोधला तर सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, बसणारी डिस्क निघाली. मग बाहेर काढून उजेडात धरली. स्टिकरची एक कड सुटलेली, स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या गोल खुणा, केबल लागते त्या साटा कनेक्टरवर ओरखडे.

परत घेऊन गेलो तर म्हणतो, "साहेब, आरपीएमने काय होतंय? जीबी पूर्ण आहेत ना?"

होतं ना! ७२००ची तबकडी सेकंदाला १२० फेरे मारते, ५४००ची ९०. हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं: एकीकडे ४.१७ मिलिसेकंद, दुसरीकडे ५.५६. एका मोठ्या फाइलला हे जाणवत नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइल वाचल्या जातात, तिथे जीव जातो. नुसत्या बॅकअपला ५४०० चांगलीच, तापतेही कमी. पण मग ५४०० म्हणून विका, जुनी म्हणून विका.

माझ्या डिस्कवर निदान तास तरी दिसले. काही जण तेही पुसतात. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. त्यांचे स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले, तास शून्यावर आणलेले होते, पण डिस्कच्या आतल्या फार्म लॉग नावाच्या वेगळ्या नोंदीत खरा आकडा राहिला होता. स्मार्टसीटीएल नावाच्या प्रोग्रॅमने तो वाचता येतो.

पैसे मिळाले नाहीत. "बदलून न्या" म्हणाला, तीही त्याच खोक्यातली. बिलावर नुसतं "एचडीडी १ टीबी". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार टाकली आहे. तुम्ही बिलावर सिरीयल नंबर आणि आरपीएम लिहून घ्या. तो नंबर काउंटरवर उभ्या-उभ्याच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. यूपीआयचा पिन त्यानंतर.