तिसऱ्या रांगेतून पाहिलेल्या दोन इनोव्हा

थोरल्या भावाची डिझेलवरची इनोव्हा क्रिस्टा आणि मेहुण्यांची हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस अशा दोन गाड्या घेऊन आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला गेलो, तेव्हा दोन्ही आलटूनपालटून चालवण्याची संधी मी मागून घेतली. नाव एकच असले तरी दोघींचा पाया वेगळा आहे. २०१६ साली आलेली क्रिस्टा शिडीसारख्या भक्कम चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, उभी असून तिला मागची चाके ढकलतात, तर २०२२च्या अखेरीस आलेल्या हायक्रॉसची बॉडी एकसंध आहे आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे आहे.

हा फरक सर्वांत आधी माझ्या आईच्या गुडघ्यांना कळला. क्रिस्टात चढताना तिला एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने निऱ्या सावराव्या लागल्या. हायक्रॉसमध्ये मात्र ती आधी सीटवर टेकली आणि मग सावकाश पाय आत घेतले. सुरूरच्या फाट्यावर चहाला थांबलो असताना मी दोन्ही गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत बसून पाहिले, कारण आपल्याकडे सात आसनांची गाडी खरोखरच सात माणसांसाठी घेतली जाते. हायक्रॉसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,८५० मिलिमीटर, म्हणजे क्रिस्टापेक्षा १०० मिलिमीटरने जास्त आहे आणि तो चार बोटांचा फायदा गुडघ्यांपाशी जाणवतो.

टोलनाक्याच्या रांगेत हायक्रॉस नुसत्या बॅटरीवर, आवाज न करता सरकत होती. खंबाटकीच्या चढावर पाय दाबला की तिचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन थोडे ओरडते. पण इंजिन आणि मोटर मिळून १८६ पीएस ताकद असल्याने गाडी कुठेही दमत नाही. सुरूरपासून क्रिस्टा हाती घेतली आणि पसरणी घाटात तिच्या ३४३ न्यूटन मीटर टॉर्कचा, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराचा, अर्थ समजला: सहा माणसे, वर सामान, तरी तिसऱ्या गिअरमध्ये ती वळणामागून वळण निमूटपणे चढत राहिली. क्लच जड आहे आणि डिझेलची घरघर आतपर्यंत येते, हे मात्र मान्य केले पाहिजे. परतताना तोच घाट हायक्रॉसने उतरलो, तेव्हा ब्रेक लावला की बॅटरी भरत असल्याचे पडद्यावर पाहण्यात मुले इतकी रमली, की कोणालाही गाडी लागली नाही.

रोजच्या शहरी वापरासाठी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी हायक्रॉसच घेईन. भावाला ते पटलेले नाही. त्याला दर मे महिन्यात कोकणातून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात आणि त्या वाटेवर त्याचा भरवसा क्रिस्टावरच आहे. तिची तिसरी रांग दुमडली की दोन्ही बाजूंना उभी राहून खिडक्या अडवते, हायक्रॉसची जमिनीत सपाट बसते, हे मी त्याला दोनदा दाखवले. त्यावर पेट्यांना खिडकीची गरज नसते, असे त्याचे उत्तर आले.