चार जीबीचे कार्ड, आत एक जीबी

मी लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. २०२१ च्या लगनसराईआधी मी जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरवले, तेव्हा बाजारात कार्डांचा तुटवडा होता आणि भाव गगनाला भिडले होते. त्यामुळे एनव्हिडिया कंपनीचे, चार जीबी मेमरीचे ‘जीटीएक्स १०५० टीआय’ कार्ड सात हजारांत मिळते म्हटल्यावर मी फारसा विचार केला नाही. दुकानदाराने सोबत ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, एक पेनड्राइव्ह दिला आणि ‘ड्रायव्हर यातलाच टाका, नेटवरून उतरवू नका’ असे दोनदा बजावले. मला तो त्याचा चांगुलपणा वाटला.

लहान क्लिपा सुरळीत चालत. पूर्ण लग्नाची टाइमलाइन उघडून रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करण्याचे काम) लावला, की पडद्यावर रंगीत पट्ट्या उमटत, मग निळा पडदा येई आणि संगणक आपोआप रीस्टार्ट होई. मी रॅमवर संशय घेऊन रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, पण एकही चूक सापडली नाही. दुकानदार फोनवर ‘तुमचा एसएमपीएस कमी पडतोय’ म्हणाला, म्हणून तीन हजार घालून तो वीजपुरवठ्याचा डबा बदलला. शेवटी विंडोजही नव्याने टाकले. कार्डावर मात्र संशय घेतला नाही, कारण सगळ्या संगणकात तेवढेच तर नवे होते.

संगणक दुरुस्त करणारा एक मित्र घरी आला, तेव्हा त्याने आधी मागची बाजू पाहिली. माझ्या जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए केबल थेट कार्डाला लावलेली होती, आणि तेवढी सोय झाली म्हणून मी खूश होतो. मित्राने सांगितले की एनव्हिडियाच्या या पिढीच्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही आणि व्हीजीए तर ॲनालॉग असते, त्यामुळे अशा कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला की तिथेच थांबावे. त्याने कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवले, तर कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द उमटला. मग त्याने चिप थंड ठेवणारा हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट पुसली. खाली ‘जीएफ११६’ असे कोरलेले होते. म्हणजे ही चिप २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयच्या घराण्यातली.

हा खेळ बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख सांगणाऱ्या कार्डावरच्याच सॉफ्टवेअरमध्ये, केलेला असतो. जुन्या कार्डाचा बायॉस बदलून त्यात नव्याचे नाव आणि चार जीबीचा आकडा भरतात, त्यामुळे विंडोजही तेच दाखवते. प्रत्यक्षात मेमरी एक जीबीच असल्याने काम तिच्यापलीकडे गेले की संगणक कोसळतो. अस्सल कार्डात ७६८ कुडा कोर (गणिते करणारे छोटे घटक) असतात, माझ्या कार्डाच्या चिपमध्ये १९२. पेनड्राइव्हचे कारणही तेव्हा उलगडले: या जुन्या चिपांना एनव्हिडियाने २०१८ नंतर नवे गेम-रेडी ड्रायव्हर देणे थांबवले होते, त्यामुळे नेटवरचा ताजा ड्रायव्हर टाकला असता तर बिंग लगेच फुटले असते.

म्हणून कार्ड घेताना दुकानातच ते संगणकात बसवून जीपीयू-झेडमधील चिपचे नाव आणि कोरांची संख्या पाहावी, आणि छापील बिलावर मॉडेलसोबत सीरियल नंबर लिहून घ्यावा. मी परत गेलो तेव्हा दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि ‘हे आमचे नाहीच, तुम्ही बदलून आणले’ असे शांतपणे सांगितले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायला बसलो, तेव्हा हाताशी पुरावा म्हणून होती ती फक्त एक हस्तलिखित चिठ्ठी: ‘ग्राफिक कार्ड, नग १’.