मालाचा विमा म्हणून नुसता रंगीत कागद दिला, गाडीवाल्यांनो बघून घ्या

माझ्या नाशिकला तीन गाड्या आहेत. आयशर कांद्याला, पिंपळगाव ते वाशी. दहा टायरवाली गाडी अंबड एमआयडीसीतून भिवंडीला मशीनचे पार्ट नेते, आणि पिकअप लोकल मारते, तिच्यात कधी केमिकलचे ड्रम पण असतात. रिन्युअलला ओळखीतून एक एजंट आला, म्हणाला शेठ तिन्ही गाड्या, तिन्ही प्रकारचा माल, सगळं एकाच पॉलिसीत बसवून देतो, मालाचे वरचे ३८ हजार फक्त. ते पैसे त्यानं स्वतःच्या खात्यावर घेतले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

गाडीच्या पॉलिस्या खऱ्या होत्या. मी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितलं, तिघींचा इन्शुरन्स दिसत होता, तारखा बरोबर, मग मालाच्या कागदावर पण विश्वास बसला. पण त्या ॲपवर फक्त गाडीचा विमा दिसतो, मालाचा दिसतच नाही, हे मला माहीत नव्हतं.

पावसाळ्यात दहा टायर कसारा घाटात कठड्याला घासून एका अंगावर गेली. ड्रायव्हर वाचला, देवाची कृपा. माल गेला, ज्याचा माल त्या पार्टीनं ४ लाख ६० हजारांचं नुकसान माझ्यावर काढलं आणि माझी भाडी अडवून ठेवली. कागद घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसला गेलो तर तिथली मॅडम म्हणाली हा पॉलिसी नंबर आमच्याकडे नाहीच, आणि हा माणूस पण आमचा एजंट नाही. तिच्यासमोर बसून त्याला फोन लावला, बंद. गाडीच्या क्लेममध्ये पण बंपर, टायर, हेडलाइटचे पैसे कापले, कारण आयएमटी २३, म्हणजे या पार्टचं जादा कव्हर, एजंटनं घातलंच नव्हतं, तोंडी मात्र सगळं कव्हर आहे म्हणाला होता.

नंतर मॅडमनीच अर्धा तास बसवून समजावलं, तिचे उपकार. आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो तो गाडीचा आणि थर्ड पार्टीचा, आतल्या मालाचा नाही. मालाला ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा, वेगळा, तो बहुतेक पार्टी काढते, आणि आपल्यावर येणारी जबाबदारी कव्हर करायची तर कॅरियर्स लायबिलिटी वेगळी घ्यायची. कांदा गाडी उशिरा पोचून सडला तर साध्या ट्रान्झिट विम्यात पण पैसे मिळत नाहीत. धोकादायक केमिकल असेल तर १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याची पॉलिसी लागते आणि ड्रायव्हरच्या लायसनवर तशी नोंद लागते. म्हणजे तिन्ही मालाला एकच पॉलिसी हे त्याचं बोलणंच खोटं होतं, आणि मी ते ३८ हजार देऊन विकत घेतलं.

पोलिसात तक्रार दिलीय. आमच्या स्टँडवरच अजून दोघांकडे तसाच कागद निघाला, एकाची गाडी तर त्या दिवशी लोड होऊन निघायच्या तयारीत होती. तुमच्याकडे मालाचा असा कागद असेल तर गाडी भरायच्या आधी कंपनीच्या ऑफिसला स्वतः फोन करून नंबर विचारा, एजंटनं दिलेल्या नंबरवर नको.