घोडबंदर रोडचं शुगर रिव्हर्सल सेंटर: भावाला चार स्टार, आईला एक

सेंटरचं नाव लिहीत नाहीये. ठाण्यात असल्या सेंटरांचा तोटा नाही, आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच विकतात. आमच्याकडे दोघांनी एकदमच पॅकेज घेतलं, दादा आणि आई. दोघांना टाइप २ डायबेटिस, दोघांना तोच प्लॅन, तीच पावडर आणि तीच गॅरंटी की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेल परत कामाला लागतील. दादाच्या लागल्यात असं दिसतंय, आईच्या नाही, आणि असं होणार हे पैसे घ्यायच्या आधी एका साध्या रक्ताच्या टेस्टने बऱ्यापैकी कळलं असतं, माझी मुख्य तक्रार हीच.

आधी चांगलं सांगते. डाएटिशियन मुलगी एक नंबर. भाकरी बंद, मासे बंद असलं काही नाही, उलट बांगडा खा, उसळ वाढवा, भात अर्धी वाटी आणि तो पण शेवटी. दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावून देतात, मोबाईलवर दिवसभराचा ग्राफ दिसतो. एकादशीला दादाने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दाण्याचा लाडू, आणि तासाभरात रेघ जी वर गेली ती २६० च्या पुढे. आदल्या रविवारी मिसळ खाल्लेली, एकाच पावाबरोबर, तेव्हा १८० पण नव्हती झाली. बाबा तो मोबाईल हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले, आणि पुढच्या उपवासाला आपणहून म्हणाले साबुदाणा नको, दही आणि दाणे दे. एवढ्यासाठी सेन्सरचे पैसे वसूल.

दादाला डायबेटिस होऊन तीनच वर्षं झालेली. दिसायला काही जाडा नाही, पण पोट होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक किती वर्षं सांगतायत की आपली माणसं वरून बारीक दिसतात आणि चरबी आत असते, तसंच. १२ किलो उतरला, गोळ्या बंद झाल्या, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ६.१. डॉक्टर लोक रेमिशन म्हणतात ते हेच, गोळ्या थांबवून किमान तीन महिने झाले तरी ६.५ च्या खाली.

आता सेंटरवाले म्हणतात पावडरने सेल रिपेअर झाल्या. डब्यावर काय तर गुडमार, जांभूळबी, मेथी, कारलं, आणि बारीक अक्षरात फूड सप्लिमेंट. अहो, ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची ट्रायल झाली, २०१७ मध्ये रिझल्ट आले. दिवसाला साधारण ८५० कॅलरी, जेवणाच्या ऐवजी शेक आणि सूप, जडीबुटी काही नाही. वर्षभराने ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये, आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली की दमलेल्या बीटा सेल परत इन्सुलिन सोडायला लागतात असं त्यात दिसलं. म्हणजे सेल जाग्या होतात ही थाप नाहीये, थाप आहे ती पावडरची. आणि त्या ट्रायलमध्ये सहा वर्षांपेक्षा जुना डायबेटिस असलेले लोक घेतलेच नव्हते, हे सेंटरच्या सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही. वजन परत चढलं की शुगर पण परत येते, तेही नाही सांगत. दादाला मी रोज ऐकवते.

आईचं प्रकरण वेगळं. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून तिला शुगर, वजन ५० च्या आसपास, दोन वेळ इन्सुलिन. तिला कसलं वजन उतरवायला सांगता? पण प्लॅन एकच ना सगळ्यांना. सेंटरच्या कोचने, डॉक्टरने नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून इन्सुलिन निम्मं करायला लावलं, चौथ्या दिवशी उपाशीपोटी ३०० च्या वर. फोन केला तर म्हणे काकू घाबरू नका, शरीर जुनी साखर बाहेर टाकतंय. मग मी तिला नौपाड्याच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची टेस्ट करायला सांगितली. बीटा सेलमध्ये आधी एक मोठा रेणू बनतो, तो तुटला की इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड सारख्याच प्रमाणात बाहेर पडतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे घरचं इन्सुलिन किती बनतंय ते कळतं. आईचं फारच कमी आलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमच्या उरलेल्या सेलना इन्सुलिन बंद करून नाही वाचवता येणार, शुगर जास्त राहिली की त्याच अजून मरतात. डोस पहिल्यासारखा घ्यायचा." पाच मिनिटांत विषय संपला, आणि फी विचाराल तर पावडरच्या एका डब्याहून कमी.

सगळ्यात डोक्यात गेलं ते पुढचं. सेंटरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बाईंनी विचारलं, मुलीला टाइप १ आहे, काही होईल का. खरं उत्तर सरळ आहे, टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा सेल मारते, इन्सुलिन एक दिवस बंद केलं तरी जिवावर बेतू शकतं. कोचने काय लिहिलं, स्टेम सेलचं पॅकेज लवकरच येतंय, नाव नोंदवून ठेवा. अहो, त्यावर जगात खरंच काम चालू आहे. स्टेम सेलपासून बनवलेल्या आयलेट सेल, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या सेलचे पुंजके, लिव्हरच्या रक्तवाहिनीत सोडायच्या, अशा ट्रायलमध्ये पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जण वर्षभराने बिनइन्सुलिनचे होते, २०२५ मध्ये छापून आलंय. पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेत राहावी लागतात. आणि टेप्लिझुमॅब नावाचं औषध, जे अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं, ते सेलवरचा हल्ला थोपवतं, आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं, पण आजाराची लक्षणं दिसायच्या आधी दिलं तर. यातलं काहीच घोडबंदर रोडला पॅकेजमध्ये मिळत नाही. आपल्याकडे ट्रायलच्या बाहेर डायबेटिससाठी स्टेम सेल द्यायला आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांत परवानगी नाहीये, आणि डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं, दहा मिनिटांत मला रिमूव्ह केलं.

रिफंड अर्धा मिळाला, आईच्या पॅकेजचा, तोही खूप भांडल्यावर. दादाने पावडर सोडून दोन महिने झाले, आकडे आहेत तिथेच.

जायचंच असेल तर डायबेटिस नवा असू दे, पोट असू दे, आणि इन्सुलिन किंवा गोळ्या कमी करायच्या असतील तर स्वतःच्या डॉक्टरला विचारून. फक्त डाएटिशियनची वेगळी फी भरून पण अपॉइंटमेंट मिळते, रिसेप्शनवाले आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पार्किंग नाहीये, रिक्षाने जा, आणि संध्याकाळची वेळ घेऊ नका, त्या ट्रॅफिकमध्ये बीपी वाढेल ते वेगळंच.