म्युन्स्टरमधली माझी जुनी सात गिअरची सायकल : वर्षभर वापरल्यावर

शिकायला जर्मनीत येताना सायकलचा विचार बहुतेक जण खोली, बँक खातं, विमा सगळं उरकल्यावर करतात. म्युन्स्टरला येणार असाल तर ती पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि जुनीच घ्या. माझी गेल्या ऑक्टोबरमधली आहे. डच बनावटीची, पाठ ताठ ठेवून चालवायची, सात गिअर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत, चेन पूर्ण झाकलेली. दुरुस्तीच्या दुकानातून दीडशे युरोंना घेतली आणि पावतीवर फ्रेम नंबर लिहून घेतला. इथे सायकलचोऱ्या फार होतात, त्यामुळे अशी पावती मिळत नसेल तर कितीही स्वस्तातली सायकल सोडून द्यावी. कुलपावर मात्र सढळ हाताने खर्च करा.

हबमधल्या गिअरचं मोल रोजच्या वापरात कळतं. सिग्नलला उभं असतानाही गिअर उतरवता येतो, बाहेर लोंबणारं काही नसल्यामुळे चिखलपाणी आत जात नाही, आणि लांब कोट किंवा कुर्ता चेनमध्ये अडकत नाही. वर्षभरात चेन एकदाही पडली नाही. मागचा ब्रेक पॅडलचाच आहे, उलटं दाबलं की लागतो. आपल्याकडे याची सवय नसते. पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही, म्हणून थांबतानाच उजवं पॅडल किंचित वर ठेवायचं, म्हणजे सिग्नल सुटल्यावर लगेच जोर देता येतो. आठवडाभरात पाय शिकतात. पावसात हा ब्रेक कधी दगा देत नाही, आणि इथे पाऊस पाचवीला पुजलेला.

दिव्यांबाबत मात्र तडजोड नको. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठच्या आसपास उगवतो, म्हणजे कॉलेजला जाणं-येणं दोन्ही अंधारात. माझ्या पुढच्या हबमध्ये डायनॅमो आहे. चाकाला काही घासत नाही, चार्जिंगची कटकट नाही, आणि थांबल्यावरही दिवे काही मिनिटं जळत राहतात. दिवा नसेल तर वीस युरो दंड, लाल सिग्नल तोडला तर साठ, आणि तो लाल होऊन सेकंदाहून जास्त वेळ झाला असेल तर शंभर. पोलीस सायकलवाल्यांना खरोखर थांबवतात, आणि मला ते योग्यच वाटतं. रस्त्यावर आपल्याला पूर्ण वाहनाचा मान मिळतो, तर नियमही पूर्ण वाहनाचे हवेत.

शहराचा जीव म्हणजे प्रोमेनाड. जुनी तटबंदी पाडून त्या जागी केलेला, लिंडेनच्या झाडांखालून जुन्या शहराला वळसा घालणारा साडेचार किलोमीटरचा रस्ता. त्यावर मोटारी नाहीत. कुठूनही शिरा, हव्या त्या बाजूला बाहेर पडा. सकाळी आठच्या सुमाराला इथे सायकलींची रांगच लागते, आणि त्या गर्दीत हात दाखवून वळायला आपोआप शिकतो. नोव्हेंबरात ओल्या पानांचा थर निसरडा होतो, तेव्हा वळणावर ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करा. स्टेशनसमोर जमिनीखाली सुमारे ३३०० सायकलींचा तळ आहे, सोबत दुरुस्तीचीही सोय. रेल्वेने बाहेरगावी जाताना मी तिथेच ठेवते.

पण या सायकलवर माझा जीव जडला तो शहराबाहेर. म्युन्स्टरलँड सपाट आहे, शेतांमधून अरुंद डांबरी वाटा जातात आणि नाक्यानाक्यावर लाल अक्षरांत गावाचं नाव व अंतर लिहिलेल्या पाट्या असतात. पहिल्यांदा उत्तरेला रीझेलफेल्डरला जा. शहराचं सांडपाणी १९७५ पर्यंत या शेतांत सोडलं जायचं. आज तिथे तळी आहेत आणि स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. दुर्बीण न्या. पश्चिमेला रुशहाउस आणि पुढे हुल्सहोफचा पाण्याने वेढलेला किल्ला, दोन्ही कवयित्री आनेट फॉन ड्रोस्टे-हुल्सहोफ यांची घरं. मला रुशहाउस जास्त आवडतं. पुढून शेतकऱ्याचं घर, मागून सरदाराचा वाडा, आणि वास्तुकार योहान कोनराड श्लाउन यांनी ते १७४० च्या दशकात स्वतःसाठी बांधलेलं. आमच्या विद्यापीठाचा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा.

त्याच दिशेला आणखी पुढे बाउमबेर्गं टेकड्या. उंची जेमतेम १८७ मीटर, पण माझ्या सायकलच्या वजनामुळे तो चढ पहिल्या गिअरमध्येही मांड्या भरवतो. तिथला पिवळसर वालुकाश्म शहरातल्या जुन्या इमारतींत जागोजागी दिसतो. मे महिन्यात वाटेवर स्ट्रॉबेरी आणि पांढऱ्या शतावरीच्या टपऱ्या लागतात. वसंतात शेतांत पातळ शेणखत फवारतात, तो वास दोन-तीन आठवडे सोसावा लागतो.

उणिवा सांगायलाच हव्यात. सायकल जड आहे. तळघराच्या पायऱ्यांवरून रोज वर-खाली नेणं त्रासाचं. समोरून वारा आला की सपाट रस्ताही चढ वाटतो, कारण सरळ बसल्यामुळे सगळा वारा छातीवर येतो. मागचं चाक काढायचं तर गिअरची केबल आणि ब्रेकचा दांडा सोडवावा लागतो, म्हणून मागच्या पंक्चरला मी चाक न काढता ट्यूब एका बाजूने ओढून ठिगळ लावते. व्हॉल्व्ह आपल्याकडच्या साध्या सायकलींसारखाच असतो. आणि डॉइचलांड-तिकिटात (देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास) सायकलचं भाडं नसतं, ते वेगळं काढावं लागतं.

श्टुटगार्टसारख्या चढउतारांच्या शहरात जाणार असाल तर ही घेऊ नका, तिथे हलकी आणि जास्त गिअरची लागेल. म्युन्स्टर, ओल्डेनबुर्ग किंवा ब्रेमेन असेल तर डोळे झाकून घ्या. सप्टेंबरअखेरीस घेता आली तर बरं, ऑक्टोबरात नवे विद्यार्थी आले की चांगल्या जुन्या सायकली पटापट संपतात.