मानवी कवट्यांचा चार पीसचा सेट: कवट्या झकास, पोस्टर रद्दीत

मी घरी आठवी-नववीचे सायन्सचे क्लास घेते, उत्क्रांती शिकवताना पुस्तकातलं ते बोटभर चित्र दाखवून कंटाळा आला होता म्हणून दिवाळीनंतर हा सेट ऑनलाइन मागवला. रेझिनच्या चार कवट्या, खऱ्या मापाच्या, वर एक पोस्टर फ्री, साडेसहा हजार. नवरा म्हणाला एवढ्यात मिक्सर आला असता. सासूबाईंनी एवढंच बजावलं की देवघराच्या आसपास दिसता कामा नये, त्यामुळे सध्या मंडळी फ्रिजवर बसलीत.

आधी चांगलं सांगते. कवटी उलटी करून बघा, पाठीचा कणा जिथे जोडला जातो ते मोठं भोक एकदम नीट काढलंय. चिंपांझीत ते मागच्या बाजूला सरकलेलं असतं, आपल्यात बरोब्बर खाली, कारण डोकं कण्यावर तोललेलं. सेटमधली सगळ्यात जुनी कवटी ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिसची (लाखो वर्षांपूर्वीची माणसासारखी एक जात), तोंड पुढे आलेलं, कपाळ जवळजवळ नाहीच, पण भोक बघा तर पुढे सरकलेलं, म्हणजे गडी दोन पायांवर चालणारा. मुलांनी बोट घालून घालून बघितलं. दक्षिण आफ्रिकेत १९२४ मध्ये ताउंगच्या खाणीतून एका लहान मुलाची कवटी मिळाली तेव्हा रेमंड डार्ट या शास्त्रज्ञाने हेच भोक बघून सांगितलं होतं की हे दोन पायांवर चालणारं पोर आहे, आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं, कारण आधी मेंदू मोठा झाला असं ते मानायचे आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे इंग्लंडातला पिल्टडाउन मानव होता ना, मोठ्या मेंदूचा! तो १९५३ ला नकली निघाला, माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा. असो.

वरची टोपी मॅग्नेटने उघडते हे सगळ्यात भारी फीचर. आम्ही आत मोहरी भरली आणि मापाच्या कपात ओतून मोजली. अफारेन्सिस साडेचारशे मिलीच्या आसपास. तुर्कानाच्या मुलाची (होमो इरेक्टस या माणसाच्या जुन्या जातीचा, कमोया किमेयूंना १९८४ मध्ये केनियात सापडलेला, साधारण १५ लाख वर्षांपूर्वीचा) खरी कवटी ८८० मिलीची, आमची थोडी कमी भरली कारण रेझिन आतून जाड आहे. आपली तेराशेच्या पुढे. आणि मग निअँडरथल (माणसाचीच एक जात, आता नामशेष), तर मोहरी संपतच आली, दीड हजार ओलांडूनही जागा शिल्लक. वर्ग गप्प. "म्हणजे तो आपल्यापेक्षा हुशार होता का टीचर?" नुसत्या आकारावरून ते कळत नाही हे समजवायला अर्धा तास गेला पण तो अर्धा तास पैसे वसूल होता. मोहरी अजून सोफ्याखाली सापडते.

आता तक्रारी. अफारेन्सिसच्या खाली ठसठशीत लिहिलंय 'लूसी'. अहो, १९७४ ला इथिओपियात हदारला लूसी सापडली तेव्हा तिच्या सांगाड्याचा ४० टक्के भाग मिळाला पण कवटीचे फक्त तुकडे आणि खालचा जबडा! ही अख्खी कवटी त्याच जातीच्या दुसऱ्या कुणाची तरी किंवा जुळवून केलेली असणार. लेबल मी खरवडून टाकलं.

पोस्टरबद्दल तर बोलूच नका. तीच ती लाइन, माकड वाकलेलं, मग जरा सरळ, मग निअँडरथल, मग सूटबूटवाला. एसटीच्या रांगेसारखं, एक पुढे सरकला की मागचा त्याच्या जागी! निअँडरथल आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊबंद. साधारण ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, आपल्या लोकांना भेटला, नुसता भेटला नाही तर संसारही झाले, आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत त्याचा १ ते २ टक्के हिस्सा आहे, म्हणजे माझ्यात आणि सासूबाईंतही. हे २०१० पासून माहितीये, जुन्या हाडांतला डीएनए वाचणाऱ्या स्वांते पेबोंना २०२२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं, तरी पोस्टर छापणाऱ्यापर्यंत पोचलं नाही. होमो सेपियन्स (म्हणजे आपण) २ लाख वर्षांचा असंही छापलंय, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची हाडं ३ लाख वर्षांची ठरली २०१७ मध्येच.

पॅकिंग भिकार. एकच थर्माकोल, निअँडरथलचा जबडा दोन तुकड्यांत. विक्रेत्याने आधी व्हिडिओ मागितला, मग फोटो, मग परत व्हिडिओ, शेवटी १२ दिवसांनी नवा जबडा पाठवला. त्यामुळे बॉक्स उघडताना शूटिंग कराच.

कवट्यांना पाच स्टार, पोस्टरला शून्य, एकूण साडेतीन. क्लासवाल्यांनी बिनधास्त घ्या. फक्त नवा जबडा जरा वेगळ्या शेडचा आलाय, पिवळसर कवटीला पांढरे शुभ्र दात, फ्रिजवरून बघतो तेव्हा नवी कवळी बसवलेल्या काकांसारखा दिसतो.