‘ओरिजिनल’ म्हणून माथी मारलेला कार्बोरेटर

मोटरसायकल दीडशे सीसीची. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मिकुनी कंपनीचा; साध्या स्लाइडचा, म्हणजे रेसच्या केबलने स्लाइड थेट उचलली जाते असा. तक्रार एवढीच, की चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि स्लो रेस टिकत नाही. मेकॅनिकने निकाल दिला: कार्बोरेटर गेला, ओरिजिनल नवा टाकावा लागेल. खोक्यावर नाव बरोबर, बॉडी चकचकीत, पैसेही ओरिजिनलचेच लावले. मालकाने जुना भाग मागून घेतला होता म्हणून दोन्ही शेजारी ठेवून उघडता आले. नाहीतर हे कधीच कळलं नसतं.

जुना गेलेला नव्हताच. त्याच्या फ्लोट चेंबरच्या (खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) स्क्रूंच्या खाचांत मळ घट्ट बसलेला होता, पॅकिंगची कडही हललेली नव्हती. म्हणजे न उघडताच निदान झालं होतं. आत फक्त पायलट जेट, म्हणजे स्लो रेसचं पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग, बुजलेला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर आधी तिथेच बसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पितळेवर हिरवट पापुद्रा धरतो तो वेगळाच. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब मारला की काम संपतं. तार घालू नका. भोक मोठं झालं की जेट खरोखरच फेकावा लागतो.

आता नवा. मेन जेटवर, म्हणजे जास्त रेसला पेट्रोल सोडणाऱ्या जेटवर, आकडा जुन्याचाच, पण ठसा वाकडा. मिकुनीच्या अस्सल जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते, ती नाही. भिंगाखाली भोकाच्या कडेला पितळेचे कंगोरे दिसत होते. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहाचा, केहीन या दुसऱ्या कंपनीच्या जेटवरचा भोकाच्या व्यासाचा. नकलेवरचा आकडा कशाचाच नसतो. निडल म्हणजे स्लाइडला लटकणारी निमुळती सुई. जुन्या निडलला पाच खाचा, नव्या निडलला एकच, त्यामुळे क्लिप वर-खाली करून पेट्रोल कमी-जास्त करायची सोयच गेली. चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी फ्लोट पिन जिथे बसते ती सीट खरखरीत.

परिणाम ठरलेलेच. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट आणि एअर स्क्रू पूर्ण आवळून हवा कमी केली तरी ती थांबेना, म्हणजे पायलट जेट लहान. थ्रॉटल पाऊणच्या पुढे नेला की गाडी भरून येते (पेट्रोल जास्त होऊन गुदमरते), प्लग काळा, म्हणजे मेन जेटचं भोक मोठं. साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं. ही नळी बुजलेली असती तर तेच पेट्रोल इंजिनात उतरून ऑइल पातळ झालं असतं. अशा वेळी ऑइलला पेट्रोलचा वास येतो. तसा आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, ‘थोडी चालवा, सेटिंग बसेल.’ इथेच ओळखायचं. कार्बोरेटरला रनिंग-इन नसतं. जेट पहिल्या दिवशी जेवढं पेट्रोल सोडतो तेवढंच पुढेही सोडतो.

रिपेअर किटमध्येही हीच गंमत. स्वस्त किटमधले जेट बऱ्याचदा याच जातीचे असतात आणि ते घालण्यासाठी कारखान्यातून आलेलं चांगलं पितळ काढून टाकलं जातं. किटमधून पॅकिंग आणि ओरिंग घ्या, फ्लोट पिनच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर ती चांगल्या प्रतीची आणा, जेट मात्र आपलेच साफ करून बसवा. निडल ज्यात सरकते त्या निडल जेटचं भोक घासून लंबगोल झालं असेल तरच निडलसह तो बदलावा. व्हॅक्यूमच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड केबलऐवजी डायफ्राम नावाच्या रबरी पडद्याने उचलली जाते; तिथे फाटलेल्या डायफ्रामपायी अख्खा कार्बोरेटर बदलायला लावतात. ही स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरचा पिस्टन, बोटाने उचला, एअर फिल्टरच्या बाजूची डायफ्रामला हवा देणारी वाट बंद धरा आणि सोडा: सावकाश उतरला तर डायफ्राम शाबूत, धपकन पडला तर गळतो आहे. आणि पॉवर वाढेल म्हणून तीस मिलिमीटर गळ्याचा मोठा कार्बोरेटर माथी मारणाऱ्याला सरळ नाही म्हणा. गळा रुंद झाला की कमी रेसला हवेचा वेग पडतो आणि थ्रॉटल उघडताच गाडी गचके खाते.

गाडी कामाला देण्याआधी कार्बोरेटरच्या बॉडीवरच्या नंबरचा फोटो काढा, चेंबरच्या एका स्क्रूवर रंगाचा ठिपका द्या. परत घेताना नंबर जुळवा. ‘उघडून साफ केला’ म्हणत असतील आणि ठिपका जसाच्या तसा असेल तर पैसे द्यायच्या आधी बोला. नवा बसवला असेल तर चेंबर तिथेच उघडायला लावा आणि जेट बघा. मग चेंबरच्या खालच्या नळीला पारदर्शक पाइप लावून त्याचं टोक वर बॉडीला टेकवून धरा, पेट्रोलचा कॉक चालू करून ड्रेन स्क्रू सैल करा. पाइपातलं पेट्रोल चेंबरच्या सांध्याच्या थोडं खाली थांबून दहा मिनिटं तिथेच राहिलं पाहिजे. हळूहळू वर चढत गेलं तर फ्लोट पिन बसत नाही. तो कार्बोरेटर घेऊन घरी जाऊ नका.